मोकळी ओळ

हार्ड डिस्क कॉम्प्युटरला दिसत नाही म्हणून जो कोणी येतो त्याला मी आधी एकच विचारतो, पडली का? माणूस छाती ठोकून सांगतो, हात सुद्धा लावला न्हाई कुणी. म्हणजे पडलेलीच असते. घनसावंगीत स्टँडसमोर दुकान टाकल्यापासून आपोआप बिघडलेली एकही वस्तू मला भेटलेली नाही. आमच्या घरात सगळे कापडाच्या धंद्यात, मी एकटाच या वायरींच्या नादी लागलो. बिघाडाला कारण असतंच, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

त्या शनिवारी दुपारी प्रिया डिस्क घेऊन आली. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं सरकत होत्या, ट्रॅक्टरवरच्या टेपचा दणदणाट काचेतून आत येत होता. प्रिया म्हणजे रामकिसन सरांची मुलगी. इथल्याच शाळेत शिकवते. सर स्वतः झेडपीचे मास्तर, पण लोक त्यांना ओळखायचे ते गायन पार्टीमुळे. आसपासच्या गावांत जयंती असली की सरांच्या पार्टीशिवाय स्टेज सजत नसे. मागच्या वर्षी ते गेले. प्रियाच्या मागोमाग तिची आई, बेबीनंदाकाकू, पदर सावरत आत आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या.

"जय भीम, काकू."

"जय भीम, बाबा."

"उद्या पप्पांचा स्मृतिदिन हे, दादा," प्रिया म्हणाली. "त्यांची सगळी गाणी हिच्यातच हेत. दुसरीकडं कुठंच न्हाईत, जुन्या टेपा कवाच खराब झाल्या. आन् लॅपटॉपला लावली तर काहीच दाखवंना."

"पडली का?"

"न्हाई हो."

"बरं," मी म्हणालो आणि हसलो.

ती हसली नाही. "मला त्यांचा आवाजच आठवंना झालाय. चेहरा दिसतो, हात हलवून बोलणं दिसतं. आवाज येत न्हाई."

पुढची थट्टा माझ्या तोंडातच राहिली.

"मी कवाची म्हणून राह्यले, राहू दे," काकू दाराकडे बघत म्हणाल्या. "ज्याची वस्तू त्याच्यासंगं गेलेली बरी."

मी कामाला लागलो. आधी वायर बदलली. निम्म्या डिस्का तेवढ्यानंच सुधारतात. मग पुढचं पोर्ट सोडून सीपीयूच्या मागचं घेतलं, कारण पुढच्याला करंट कमी मिळतो. दोन तोंडांची वायर लावून जादा करंट दिला. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. कधीकधी डिस्क आत असते, फक्त कॉम्प्युटरनं तिला डी, ई असं अक्षर दिलेलं नसतं, म्हणून तेही उघडून पाहिलं. तिथं काही नव्हतं. दुसऱ्या मशीनला लावली, तिथंही तेच. डिस्कवरचा निळा दिवा लागायचा आणि आतून आवाज यायचा. ठक. ठक-ठक. ठक.

हा आवाज आमच्या धंद्यात कुणालाच आवडत नाही. आतली सुई आपली जागा शोधते आणि ती तिला सापडत नाही, असा त्याचा अर्थ.

"वाईट हे का?" प्रियानं विचारलं.

"चांगलं न्हाई. संभाजीनगरला पाठवावी लागंल. उद्यापर्यंत तर बिलकुल व्हायचं न्हाई."

तिनं मान खाली घातली. बाहेरचा ट्रॅक्टर पुढे गेला होता, त्यामुळे दुकानात तेवढा एकच आवाज राहिला. ठक. ठक-ठक. ठक. काकूंचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं. ढोलकीवाला ठेका धरतो तसं. आणि मग त्या अगदी हळू, बहुतेक स्वतःलाही नकळत, गुणगुणायला लागल्या.

"उजेड गेला गावभर गं... उजेड गेला गावभर..."

ठकठक थांबली. डिस्क एकसारखी फिरायला लागली. कॉम्प्युटर टिंग वाजला आणि पडद्यावर डिस्कचं नाव आलं. रामकिसन.

"आली!" प्रिया ओरडली.

काकू दचकून गप्प झाल्या. नाव गेलं. ठक. ठक-ठक. ठक.

"लूज कनेक्शन," मी म्हणालो. वायर दाबून धरली, हलवली, उलटी केली. काही नाही.

"आई, म्हण बरं परत."

"काहीतरीच काय," काकू म्हणाल्या. पण प्रियाचा चेहरा बघून त्यांनी ओळ धरली. नाव आलं. त्या थांबल्या. नाव गेलं.

आवाजाच्या कंपनानं सुई जागेवर बसत असेल, असं मी सांगून टाकलं. मग प्रियानं तीच ओळ म्हणून पाहिली. ठक-ठक चालूच. मी पण म्हणालो. मंदिरात मी स्तवन म्हणायला लागलो की माझी बायको रुचि मला कोपर मारते, तसलं माझं गाणं. डिस्कनं दाद दिली नाही. स्पीकर डिस्कला चिकटवून मोठ्यानं गाणं लावलं, तरी नाही.

"काकू, ही ओळ कुठली?"

"त्यांच्या गाण्यातली. पार्टीत एकानं ओळ टाकायची आन् बाकीच्यांनी उचलायची असती ना. पोरांना सराव व्हावा म्हणून हे घरीच एकटे टेप करायचे. आपली ओळ म्हणायचे आन् तेवढी जागा मोकळी सोडायचे. मी चुलीपाशी असायचे. टेपात यायला नको म्हणून हळूच उचलायचे." त्यांनी पदराची कड बोटाला गुंडाळली. "म्हणायचे, नंदा, तू उचलल्याबिगर माझी पुढची ओळ येतच न्हाई. ते गेल्यापून एकदाबी म्हणलं न्हाई मी."

"आता म्हणा काकू," मी म्हणालो. "तुम्ही म्हणता तोवर मी सगळं उतरवून घेतो."

त्यांनी प्रियाकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि सुरू केलं.

मी फोल्डर उचलून माझ्या कॉम्प्युटरवर टाकलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. काकू म्हणत होत्या, डिस्क फिरत होती. मध्ये त्या पाणी प्यायला थांबल्या तर पट्टी लाल झाली आणि ते गाणं पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं. त्यानंतर त्यांनी पाणी मागितलं नाही.

अर्धी पट्टी भरली तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. प्रिया त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "आई, थांबायचं का?"

काकूंनी मानेनं नाही म्हटलं.

"थोडंच राह्यलं," मी म्हणालो. ते खरं नव्हतं. पण डिस्क बंद पडली तर पुन्हा उघडेल याची खात्री नव्हती आणि काम तडीला न्यायची मला वाईट खोड आहे.

पट्टी सरकत गेली तशी ओळ बारीक होत गेली. मग नुसती कुजबुज. मग श्वास. शेवटी काकूंचे फक्त ओठ हलत होते. दुकानात काही ऐकू येत नव्हतं.

डिस्क मात्र सुरळीत फिरत होती.

"झालं," मी म्हणालो.

काकूंचे ओठ थांबले. मी नाव जायची वाट पाहिली. ते गेलं नाही.

डिस्कमधलंच पहिलं गाणं लावलं. सरांचा भरदार आवाज दुकानात आला. "दिवा लावला दारी आन् उजेड गेला गावभर..." प्रियानं दोन्ही हात तोंडावर दाबले. ती रडत होती, हसत होती, मान हलवून हो हो म्हणत होती.

मग मोकळी जागा आली.

ती मोकळी नव्हती.

"उजेड गेला गावभर गं..." काकूंचा आवाज. बसलेला नाही. स्वच्छ, तरणा.

"आई! तू टेपात हेस की!"

काकूंनी मान हलवली. नाही. त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज आला नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर उतरवलेलं तेच गाणं मी लावून पाहिलं. तिथं सर एकटे होते, आणि त्यांच्यानंतर शांतता. पुन्हा डिस्कमधलं लावलं. काकू.

"वायर काढा," प्रिया म्हणाली. "दादा, काढा ती वायर!"

मी हात पुढे केला. काकूंनी उठून माझं मनगट धरलं आणि मान हलवली. त्या घाबरलेल्या असत्या तर मला धीर आला असता.

सगळे प्रोग्राम बंद करून मी डिस्क रीतसर काढायला गेलो. पडद्यावर आलं, डिस्क वापरात आहे.

स्मृतिदिन पार पडला. उतरवलेली गाणी पेन ड्राइव्हवर वाजली, पार्टीतल्या लोकांनी ओळी उचलल्या, काकू पुढे बसून ऐकत होत्या. नंतर जालन्याच्या डॉक्टरनं त्यांच्या घशात नळी घालून पाहिलं. घसा बराबर आहे म्हणाला.

डिस्क माझ्याच दुकानात आहे, त्याच पोर्टला. वायर काढून पाहायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच नाही. लाईटचा भरोसा नाही म्हणून मी नवा इन्व्हर्टर बसवला. शाळा सुटली की प्रिया आईला घेऊन येते. काकू स्टुलावर बसून रस्त्याकडे बघतात. मी गाणं लावतो. कधीकधी त्या मोकळ्या जागेत ओळ येत नाही, काकूंचा आवाज विचारतो, "जेवलीस का गं?" आणि प्रिया स्पीकरला सांगते, "जेवले." स्टुलावरच्या काकूंचे ओठ मिटलेले असतात.

मी तिला म्हणालो, ताई, रोज येत नका जाऊ. ती म्हणाली, मंग आईशी कुठं बोलू?

काल सरांनी ओळ टाकली. काकूंनी उचलली. सरांनी लगेच पुढची ओळ घ्यायला हवी होती. त्यांनी घेतली नाही. तेवढीच आणखी एक जागा मोकळी आली.

स्पीकर शांत होता. काकूंनी रस्त्यावरची नजर काढून लेकीकडे पाहिलं.

माझ्या शेजारी प्रियानं हळूच ती ओळ उचलली. तिचा आवाज जरासा बसलेला वाटला.