हात मागे

मोबाइल उलटे ठेवा आधी. हं... आता ऐका. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या पुतणीच्या बाबतीत घडलेली आहे. आणि ती थापा मारत नाही. ते खातं आपल्या घरात माझ्याकडे आहे.

टेलरच्या दुकानावरच्या माडीवर ती कॉम्प्युटर क्लास चालवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या वर्षीच्या परीक्षेची आदली रात्र. शुक्रवार, साडेनऊ वाजून गेलेले. जेवण आटोपून ती किल्ली घेऊन निघाली, सकाळसाठी मशीन तपासून ठेवायला. बघते तर जिन्यात हळूबाई बसलेली.

हळूबाई तिची विद्यार्थिनी. कीबोर्डवर एकेक अक्षर शोधायची, दोनदा बघायची, मगच दाबायची, म्हणून पोरांनी ते नाव पाडलेलं. वडिलांनी तिला बजावलं होतं, या खेपेला पास झालीस तर पुढचा कोर्स, नाहीतर क्लास बंद आणि घरात बसायचं.

"बाबा सोडून गेलेत, थोड्या वेळानं न्यायला येतील," ती म्हणाली. "ताई, मला एकदाच सराव करू द्या. पण कोपऱ्यातलं मशीन नको."

"अगं, उद्या तुझा नंबर तिथंच आहे."

"म्हणून तर..."

आता त्या कोपऱ्याचं सांगतो. हा क्लास आधी जुने सर चालवायचे. माणूस हुशार, मनानंही वाईट नाही, पण धीर म्हणून नव्हता. पोरगं जरा अडखळलं की, "सरक, मी करतो," आणि माउस हातातून गेलाच म्हणून समजा. बॅचच्या बॅच पास व्हायच्या आणि आपली फाइल कुठं ठेवली ते एकालाही सांगता यायचं नाही. त्या कोपऱ्यात कुणाचं तरी काम करून देता देताच सर गेले. हात माउसवरच होता म्हणे.

पुतणीनं क्लास घेतला आणि पहिला नियम केला. शिकवणाऱ्यानं माउसला शिवायचं नाही. तोंडानं सांगायचं, हात मागे. पोरंसुद्धा शेजाऱ्याला काही सांगायचं असलं की पाठीमागे हात बांधून उभी राहायची. कुणी विसरलं की अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा, "हात मागे." कोपऱ्यातलं मशीन आपोआप चालतं, अशी कुरकुर पोरं करायची. तिला वाटायचं, अंग चोरायचे धंदे आहेत.

तर दोघी वर गेल्या. परीक्षेसाठी भिंतींना नुकताच पांढरा रंग दिला होता, खोली नुसती लखलखत होती. हळूबाई कोपऱ्यात बसली. पुतणी तिच्या मागे. नेटची तार पुतणीनं स्वतःच्या हातानं काढून ठेवली होती. ए, दाराशी बसलेल्या, तू मध्ये तोंड उघडू नकोस, दुरून कुणी चालवत असेल म्हणून. हे तिचंच पोटापाण्याचं काम आहे, तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

प्रश्न साधा होता. गुणांचा तक्ता करायचा, खाली बेरीज घ्यायची. हळूबाईनं माउस धरला. विचार करत थांबली.

बाण हलला.

तिनं हात उचलून मांडीवर ठेवले. बाण चालतच राहिला. झरझर रकाने आखले गेले. आकडे भरले. बेरीज आली. बरोबर आली.

"बघितलंत?" पोरगी कुजबुजली. "मी सांगत होते, तुम्हाला खोटं वाटलं."

पुतणीनं वाकून नेटची तार बघितली. निघालेलीच होती.

"राहू दे ना ताई. उद्यापण हाच करेल. मी पास होईन. बाबा काही बोलणार नाहीत."

"आणि परवा कोण करेल?" पुतणी कशीबशी म्हणाली.

हळूबाईनं माउस धरला आणि तक्ता पुसून टाकला. सगळा.

कोऱ्या स्क्रीनवर अक्षरं उमटली.

स... र... क.

हळूबाईनं ती खोडली. तिच्या पद्धतीनं. एक. थांबून दुसरं. थांबून तिसरं.

पुन्हा आली. *सरक. मी करतो.*

खुर्चीची पाठ करकरली. कुणीतरी हात टेकून वाकल्यासारखी. पोरीच्या कानाजवळचे केस हलले... पंखा बंद होता.

पुतणीचा धीर सुटला. ती पुढं झाली, माउसवर झडप घातली आणि बोलून गेली, "सरक, मी बघते."

बोलली, आणि स्वतःच थिजली. शब्द त्यांचे होते.

"ताई," हळूबाई म्हणाली. "हात मागे."

पुतणीनं हात पाठीमागे बांधले. एक पाऊल मागं सरली.

पोरीनं मान वळवली नाही. स्क्रीनकडे बघत म्हणाली, "सर... तुम्हीपण."

खुर्चीची पाठ अजून वाकलेलीच होती.

"मला हळूच जमतं. पण मीच करणार. उद्यापण मीच. तुम्ही उभे राहा आणि बघा."

...

खुर्ची पुन्हा करकरली. वजन उतरल्यासारखी.

बाण जागच्या जागी थांबला होता. हळूबाईनं तो धरला आणि पहिला रकाना आखला. मग दुसरा. खालून वडिलांच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला, तरी ती उठली नाही. बेरीज चुकली. पुन्हा केली. तेवढा सगळा वेळ पुतणी हात मागे बांधून उभी होती. आणि ती शपथेवर सांगते, उभी असलेली मी एकटी नव्हते.

दुसऱ्या दिवशी पोरीचा एक प्रश्न राहून गेला, वेळच पुरला नाही. पास झाली ती काठावर. पण झाली, आणि आज पुढच्या कोर्सला आहे.

परीक्षा संपल्यावर पुतणी झाडून घेत होती. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीमागची भिंत तिच्या नजरेला पडली. वाळलेल्या कोऱ्या रंगावर दोन पंजे उमटले होते. कमरेच्या उंचीवर, शेजारी शेजारी, बोटं जमिनीकडे. तिनं भिंतीला पाठ लावून, हात मागे घेऊन बघितलं. तसं उभं राहिलं तरच ते तसे उमटतात.

तिच्या हातांपेक्षा मोठे आहेत. वरून दोनदा रंग दिला... अजून दिसतात.