पाठीतल्या इंजेक्शननंतर

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भिंतीला धरून चारुता जेमतेम चार पावलं चालली असेल... तेवढ्यात समोरून सलाइनचा स्टँड ढकलत एक आडदांड तरुण आला. एका हातानं तो सारखा नाक खाजवत होता – अगदी तिच्यासारखाच!

"आपकी भी नाक?"

"दोपहर से!" चारुताला हसू फुटलं आणि तिनं पटकन पोट धरलं. "आई गं... हँसाइए मत, टाँके हैं।"

"आई गं? म्हणजे मराठी!" त्याचा चेहरा उजळला. "नाशिकहून झाशीला बदली झाली, तेव्हापासून मराठी फक्त फोनवरच बोलतोय. मी हृषीकेश."

नर्सनं दोघांना समजावलं – पाठीच्या मणक्यात मॉर्फिनचं इंजेक्शन दिलंय, त्याची ही खाज. घाबरायचं काही नाही. वजन कमी करायचं दुर्बिणीचं ऑपरेशन दोघांचंही त्याच सकाळी झालं होतं, पण त्या औषधामुळे दुखणं असं फारसं नव्हतंच.

"दर्द नाही, तर खाज सही," चारुता म्हणाली.

"तुमची मराठी छान आहे. निम्मी हिंदी, पण छान."

"आम्ही पिढ्यान् पिढ्या झाशीचे. आमची अशीच असते जी!"

दुसऱ्या दिवशी औषधाचा असर उतरला आणि दुखणं जागं झालं. गोळ्या घेऊनही चारुता कळवळत होती. हृषीकेश हळूहळू चालत दारापाशी आला.

"आज हसवत नाही, शप्पथ. नुसता बसू?"

तो खरंच नुसता बसला... स्वतःचं पोट धरून. थोड्या वेळानं तीच बोलू लागली. ग्वाल्हेरच्या एका मुलानं तिला जाडी म्हणून नाकारलं होतं. ऑपरेशनचं कळल्यावर त्याच्या घरच्यांचाच निरोप आला – वजन उतरलं की फोटो पाठवा.

"पाठवणार?"

"आई खूश आहे. मी तर गुडघ्यांसाठी केलं. शिकवते त्या शाळेचे जिने चढवत नव्हते..."

जाताना हृषीकेशनं तिचा नंबर मागितला.

मग रोज फोन. आज कोण किती घोट पाणी प्यायलं, कुणाला कचोरीचं स्वप्न पडलं... दीड महिन्यानं दोघं सीपरी बाजारात भेटले. त्याचा शर्ट अंगावर लोंबत होता. तिच्या बांगड्या ढिल्या झाल्या होत्या.

"ग्वाल्हेरला फोटो गेला?" त्यानं रस्त्यावरच्या ऑटोंकडे बघत विचारलं.

"का हो?"

"कारण मला... मला त्या व्हरांड्यातली चारुता आवडली. होती तशी. आता बारीक व्हा, नका होऊ – मला फरक पडत नाही."

चारुताचे कान तापले. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "फोटो पाठवलाच नाही. आईला सांगितलं, एकानं मला हॉस्पिटलच्या गाउनमध्ये, विस्कटलेल्या केसांनी पाहिलंय... आणि तरी तो रोज फोन करतो."

"मग? आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, रविवारी जेवायला बोलाव. पण तिला मोठी चिंता पडलीय. जावई पहिल्यांदा येणार, आणि दोघांना चालतं फक्त वाटीभर मऊ वरण-भात!"

हृषीकेशनं तिचा हात हातात घेतला.

"अगं, त्यांना सांग... एका वाटीत दोघांचं भागेल."