उताणा चिकटवलेला कागद

शिगेरू, शेगडीत कोळसा टाक. आणि पोरांनो, मध्ये बोलू नका. ही हकीकत निशिमोरी गुरुजींनी स्वतः मला सांगितली, आणि हा माणूस आयुष्यात खरं असं फार कमी बोलला.

गेल्या वर्षीची दोन नोव्हेंबरची रात्र. दुसऱ्या दिवशी आपल्या नगरभवनात गुरुजींच्या सुरुवातीच्या ठसेचित्रांचं प्रदर्शन उघडणार होतं. दहाच्या सुमाराला ते तिथं गेले. पहारेकऱ्याला म्हणाले, "एक चौकट जरा वाकडी लागलीय." खरं म्हणजे ते एक चित्र गुपचूप काढून न्यायला आले होते.

चित्र टोफूवाल्या इतोएकाकूंचं. काकू बसल्या होत्या घरच्या एकुलत्या एका चांगल्या किमोनोत. गुरुजी तेव्हा विशीतले, शिकाऊ. चित्राचा कागद लाकडी ठोकळ्यावर पालथा चिकटवायचा असतो. यांनी उताणा चिकटवला. छापलं तेव्हा सगळं उलटं. काकूंच्या किमोनोची उजवी बाजू वर आली, आपण प्रेताला नेसवतो तशी. चूक कबूल करायची सोडून गुरुजींनी गावभर सांगितलं, "बाई तशीच नेसून आली होती, मी काय करणार?"

मग काय! सार्वजनिक न्हाणीत बायका विचारायच्या, "काय गं इतोए, आज मसणात टोफू विकायला निघालीस का?" काकूंनी न्हाणीत जाणं सोडलं. गुरुजींना एकदाच म्हणाल्या, "लोकांना खरं सांगा ना."

"सांगू की, सावकाश."

त्या सावकाशीतच काकू गेल्या. बाकीच्या प्रती गुरुजींनी जाळल्या. ही एक काकूंच्या लेकीनं प्रदर्शनाला दिलेली.

तर गुरुजींनी चौकटीला हात घातला. दिवे गेले. नगरपालिकेचे दिवे; त्यांना जायला भूत लागत नाही.

पण मग टोफूसाठी उकडलेल्या सोयाबीनचा वास आला.

मागे कुणीतरी उभं होतं...

"सांगताय ना, गुरुजी?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडलं...

"उद्या."



मग किमोनो सळसळला... कुणी वळल्यासारखा.

दिवे आले. गुरुजी चित्राकडे न बघता पळाले.

सकाळी भवन भरलं. गुरुजी सगळ्यांदेखत कमरेत वाकले. "या चित्रातली चूक माझी आहे. काकूंची नाही. किमोनो उलटा आहे, बघा."

लोकांनी बघितलं. चित्रातली बाई पाठमोरी होती.

"केवढा हा विनय!" महापौर म्हणाले. टाळ्या पडल्या. ज्यानं ते चित्र टांगलं होतं, तो पहारेकरी तेवढा माझ्याकडे... म्हणजे गुरुजींकडे बघत राहिला.

मी जवळ गेलो. तो छाप नुसत्या काळ्या शाईचा...

काकूंची मान कानापर्यंत लाल होती.