हिमाचं विरजण

रविवारी सकाळी बोरस्त्यांच्या खळ्यात बर्फ पडत होता. आभाळ मात्र निरभ्र होतं. द्राक्षांवर औषध मारायचा ब्लोअर सागरनं ट्रॅक्टरला जोडून वर तोंड करून उभा केला होता. नोझलांतून उडालेलं पाणी धुक्यासारखं वर जात होतं आणि खाली येताना पांढरं होऊन येत होतं. गल्लीतल्या पोरी त्याखाली तोंड वर करून उभ्या होत्या.

"जिभा आत घ्या गं! त्या टाकीत काल औषध होतं," घरातली थोरली सून सारिका ओरडली.

"घासून धुतलीय, ताई. मी स्वतः उभी होते," सागरची बायको तेजल म्हणाली.

तेजलचे थोरले दीर, ज्यांना सगळं शिरसमाळ गाव दादा म्हणायचं, कानटोपी घालून ओट्यावर बसले होते. एक कण त्यांच्या तळहातावर पडला आणि विरघळला. "आम्ही दव गोठलं की रडायचो. अन् तुम्ही मुद्दाम गोठवता," ते म्हणाले. पण त्यांनी दुसरा हातही पुढे केला.

निफाडच्या थंडीची कीर्ती जुनीच, पण गेल्या काही वर्षांत ती कोरडी झाली होती. कोरड्या हवेत उडालेल्या थेंबातलं थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उरलेल्या थेंबाची ऊब घेऊन जातं. हवा चार-पाच अंशांवर असली, तरी थेंब शून्याच्या खाली उतरतो. तरीही तो लगेच गोठत नाही. स्वच्छ पाण्याला गोठायला कशाचा तरी आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे हिमबीज. हे एका जिवाणूच्या अंगावरचं प्रथिन. पाण्याचे रेणू त्यावर शिस्तीत रांगा लावतात आणि थेंबाचा बर्फ होतो. घरगुती बर्फासाठी या जिवाणूची पूड आता सर्रास मिळू लागली होती. पुडीवर लिहिलेलं असे, 'जिवाणू मृत आहेत.'

सगळे मृत नव्हते. तेजल सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली होती आणि पिंपळगावच्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिनं चिमूटभर पूड गुळाच्या पाण्यात टाकून उबेला ठेवली, तर दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं. तिला गंमत वाटली आणि थोडा अभिमानही. मूळचा जिवाणू अशा पाण्यात दिवसभरात दुबळा होऊन बीज धरायचा थांबतो. हा सुधारलेला वाण थांबत नव्हता. मग सारिकानं वाटीभर मागितलं, सारिकाच्या माहेरच्यांनी मागितलं, शेजारच्या रंजनाकाकूंनी मागितलं. विरजणाला नाही म्हणायची या गावात रीत नव्हती. वाटी जायची, रिकामी पाठवू नये म्हणून दोन पेरू घेऊन परत यायची. तेजलनं मनाची समजूत घातली होती, की बाहेर पडलं तरी आपल्याकडच्या उन्हात ते टिकणार नाही.

गुरुवारी दुपारी हवामान खात्याचा इशारा आला. पहाटे पारा दोन अंशांवर येणार होता. बागांत साखर भरलेली होती, तोडणी आठवड्यावर आली होती. दादांचा फोन संध्याकाळपर्यंत कानाला चिकटलेला होता.

"हां, आप्पा, पहाटे सगळ्यांनी एकदम ब्लोअर काढायचे. विहिरीचं पाणी कोमट असतं, पानांवर बसलं की थंडी धरत नाही. शेकोट्या पण पेटवा. हो, दरवर्षीसारखंच."

तेजल तेव्हा गच्चीच्या कठड्यावरची चिमण्यांच्या पाण्याची मातीची परळ धुवायला गेली होती. सकाळी परळीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा दिसला होता, आणि पोरी आनंदानं नाचल्या होत्या. तिनं गच्चीवरच्या तापमान नोंदणाऱ्या यंत्राकडे पाहिलं. सकाळी हवा तीन अंशांच्या खाली गेली नव्हती. कोरड्या वाऱ्यानं परळीतलं पाणी शून्याखाली गेलं असेल, हे खरं. असं तर ते दर हिवाळ्यात जात असणार, पण गोठत नव्हतं. आणि परळीत कोणी विरजण घातलं नव्हतं.

तिचे हात थांबले.

खळ्याच्या टोकाला द्राक्षं थंड करायची शीतखोली होती. तेजलनं तिचा पारा शून्याखाली दोनवर लावला. पाणी उकळून, गाळून, निवल्यावर स्वच्छ काचेच्या पेल्यांत भरलं आणि ते फडताळावर ठेवले. मग बागेत जाऊन पानं खुडून आणली. ब्लोअर जिथे कधी फिरला नव्हता, त्या पार पलीकडच्या बागेतलीही आणली. दादांना बोलवायला गेली, तेव्हा सूर्य टेकला होता.

"आत्ता? मला डिझेल बघायचंय," दादा म्हणाले.

"दोनच मिनिटं, दादा. नाही आलात तर पहाटे पस्तावाल."

घरातली धाकटी सून असं बोलत नसे. दादा मुकाट्यानं मागे आले.

शीतखोलीत त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. तेजलनं एक पेला अलगद उचलून दाखवला. "हे पाणी शून्याच्या खाली आहे. तरी पातळच आहे, बघा."

"बरं मग?"

"हे पान ओळखा."

दादांनी पान दिव्यापुढे धरलं. "माझ्या वरच्या बागेचं आहे. तिकडे तुमचा तो बर्फाचा खेळ झालेला नाही."

"टाका पाण्यात."

दादांनी देठ धरून पान पेल्यात सोडलं. पान जिथे टेकलं तिथून पांढऱ्या सुया फुटल्या, पसरल्या, एकमेकींत अडकल्या. बघता बघता पेला आरपार पांढरा झाला आणि पान त्यात उभंच्या उभं अडकून राहिलं.

दादांनी पेल्याला बोट लावून पाहिलं.

"दर वर्षी पान शून्याखाली जातं, दादा. पण त्यावरचं पाणी गोठत नाही, म्हणून बाग वाचते. आता गोठेल. पानाचं गोठेल, मण्यांचं गोठेल. पहाटे कोरड्या हवेत तुम्ही ब्लोअर फिरवलात तर..."

"तर रविवारी खळ्यात पडला, तो बर्फ बागेत पडेल."

"हो. आणि टाक्याही त्याच आहेत."

"धुतल्या होत्यास ना?"

"औषध काढायला धुतल्या होत्या. बर्फ काढायला कोणी धुतल्या?"

दादांनी कानटोपी काढली, पुन्हा घातली. "मी कळायला लागल्यापासून थंडीला पाणी मारतोय. माझ्या शब्दावर सगळी गल्ली पाणी मारते. आता म्हणू, मारू नका? अन् त्यानं माल गेला तर?"

"पान कोरडं राहिलं तर गोठायला त्याच्यावर काही नसेल. हवा कोरडी आहे, दव पडणार नाही. जमिनीला पाणी द्या, ठिबक चालू ठेवा, शेकोट्या पेटवा. फक्त पान भिजवू नका."

"नक्की वाचेल?"

तेजलला खोटं बोलणं सोपं होतं. "भिजवलं तर जाईल, हे नक्की. नाही भिजवलं तर वाचेल असं वाटतं," ती म्हणाली.

"वाटतं," दादा म्हणाले. ते पांढऱ्या पेल्याकडे बघत होते. "चल देवळात. भोंग्यावर मी सांगतो पाणी मारू नका म्हणून. पण का मारू नका, ते तुझं तू सांग."

देवळापुढे माणसं जमायला लागली होती. दादांचं सांगून झाल्यावर तेजलनं माइक हातात घेतला. "बर्फाचं विरजण माझ्या घरातून गेलंय," ती म्हणाली. "ते आता बागांत पसरलंय. पहाटे पानांना पाणी लावू नका. आणि ज्यांच्याकडे विरजण असेल, त्यांनी ते वापरू नका, घरात ठेवू नका."

"म्हणजे खेळ तुमचा अन् बागा आमच्या!" नाल्यापलीकडचे शेजारी आप्पा खालून ओरडले. "चार बुकं शिकली म्हणून थंडी कळते का?"

सागर पुढे सरकला. दादांनी त्याला हातानं मागे केलं. "आप्पा, माझा ब्लोअर उद्या निघणार नाही. तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले.

पहाटे गावाभोवती शेकोट्यांचा धूर जमिनीला धरून राहिला होता. ठिबकच्या नळ्यांतून मातीत पाणी मुरत होतं. तेजल ओळींमधून चालत होती आणि दर थोड्या अंतरावर पानाला बोट लावत होती. कोरडं. पुन्हा कोरडं. मग नाल्यापलीकडून ब्लोअरचा आवाज आला, आणि ती जागीच उभी राहिली.

उजाडलं तेव्हा आप्पांची बाग दिसली. ती इतकी सुंदर दिसत होती, की बांधावर आलेल्या बायका बघतच राहिल्या. वेली, तारा, घड, सगळं पांढरं, चमचमणारं. आप्पा ब्लोअर बंद करून मध्येच उभे होते. ऊन चढलं तशी चमक ओघळू लागली. खालून मणी दिसले ते उकडल्यासारखे, पाणचट. आप्पांनी एक घड हातात घेतला. साल बोटाला चिकटून आली.

दादा बांध ओलांडून गेले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. बाकीच्या बागा हिरव्या होत्या.

नऊच्या सुमाराला तेजलनं खळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढवलं. बायका वाट्या, बरण्या, झाकणाचे डबे घेऊन येत होत्या. ती प्रत्येकीचं विरजण उकळत्या पाण्यात ओतून घेत होती. भांडंही त्यातच बुडवत होती.

"थेंबसुद्धा ठेवू नका," ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

"चमचाभर ठेवलं असतं गं," सारिका हळूच म्हणाली. "विरजण संपवू नये म्हणतात."

"हे संपवायचंय, ताई."

रंजनाकाकू आल्या त्या लखलखीत घासलेली बरणी घेऊन. "माझं कालच टाकून दिलं हो. भोंग्यावर तू म्हणालीस, घरात ठेवू नका. भरल्या बरणीला म्हटलं घरात कशाला ठेवा? लगेच जाऊन पाटात सोडून आले."

तेजलच्या हातातला डाव थांबला.

"पाटात?"

"वाहतं पाणी. निर्माल्य सोडतो तिथंच." काकूंचा चेहरा उतरला. "का गं? चुकलं का काही?"

तेजलनं बाकीच्या बायकांकडे पाहिलं. "अजून कोणी पाटात सोडलं?"

दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एक म्हणाली, "तू उकळा असं नव्हतीस म्हणाली."

तिनं तसं म्हटलं नव्हतं, हे खरंच होतं.

ती खळ्याच्या टोकापर्यंत गेली. पाट तिथून दिसायचा. काठोकाठ भरलेला, आवाज न करता पूर्वेकडे चाललेला. त्याच्यावर सकाळची वाफ तरंगत होती. पुढच्या दोन तालुक्यांतला गहू, हरभरा, कांदा आणि बागा त्याच पाण्यावर होत्या. थंडीची लाट अजून तीन दिवस राहणार, असं खात्यानं सांगितलं होतं. उद्या पहाटे तिकडे दरवर्षीसारखं पाणी मारायला कोण कोण उठणार होतं? आणि त्यांना, कोणत्या गावाच्या भोंग्यावरून, कोण सांगणार होतं?

तिनं पदराला हात पुसले. "दादा," तिनं हाक मारली, "गाडी काढा."