एक हत्ती, पाच लग्नं

"हा हत्ती मी याच्या आधी पाह्यला आहे."

वाक्य माझ्या पाठीमागून आलं आणि हातातली अत्तरदाणी पडता पडता राहिली. वळून पाहिलं तर एक फोटोग्राफर. गळ्यात दोन कॅमेरे, कपाळावर घाम आणि नजर थेट रुखवताच्या टेबलावर. तिथे मण्यांचा हत्ती उभा होता. शेजारी आगपेटीच्या काड्यांचं घर, सुपारीची वरात, लोकरीचं तोरण. वरपक्षाच्या बायका अजून जेवत होत्या म्हणून बरं.

"कुठी पाह्यला?" मी जमेल तितक्या थंडपणे विचारलं.

"इथीच. मागच्या महिन्यात, दुसऱ्या लग्नात. त्याचाही डावा कान असाच बारका होता."

"गडचिरोलीत हत्तीचा कळप फिरून राह्यला, पेपरात नाई वाचलं? नदी ओलांडून एखादा इकडे आला असन."

त्याने वाकून त्या कानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुम्ही कोण जी?"

"करिष्मा. सभागृहाची व्यवस्था मी पाहते. पंगत बसली, तिकडचे फोटो काढा."

"माझं नाव आदेश."

"नाव असू द्या. आदेश आम्हीच देतो इथी."

तो हसत हसत पंगतीकडे गेला. मी हत्तीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

आमचं सभागृह म्हणजे गोंडपिपरीतली जुनी धानाची गिरणी. गिरजाबाईंचे यजमान गेले, गिरणी बंद पडली. तेव्हा बाईंनी यंत्रं काढली, फरशी घातली, सहा मोठे कूलर बसवले आणि लग्नं घ्यायला सुरुवात केली. मुहूर्त नसेल त्या दिवशी सभागृह फुकट. कधी रक्तदान, कधी डोळे तपासणी. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी तर दुपारभर तिथेच पंख्याखाली पुस्तकं घेऊन बसतात. हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. पेपरात फोटो यायचा असला की बाई नवी साडीही नेसतात.

माहीत नाही ती मागची खोली. पूर्वी तिथे कोंडा साठवायचे, आता तिथे रुखवत असतं. ज्यांच्याकडची लग्नं थाटात होतात, त्यांना निघताना बाई एवढंच म्हणतात, "रुखवतातली एक वस्तू ठेवून जा." लोक खुशीने ठेवतात. थर्माकोलचा राजवाडा टेम्पोत घालून नेणार कोण? आणि ज्या आईला पोरीचं रुखवत मांडणं झेपत नाही, ती आदल्या दिवशी मागच्या दाराने येते. मी टेबल सजवून देते, झालर बदलते, नवरीच्या नावाची नवी पाटी लावते. अट एकच, कोणाला सांगायचं नाही. वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला म्हणून येतात आणि बोट लावून लावून मोजतात, हे मी चांगलं ओळखून आहे.

माझ्या ताईच्या, मयुरीच्या लग्नात टेबलावर दोन ताटं पापड आणि एक बाहुली होती. आठ वर्षं झाली, तरी तिची सासू सणावाराला पाहुण्यांसमोर म्हणतेच, "यांच्या रुखवतात काय होतं? एक बाहुली!" ताई हसून घेते. मला नाही हसता येत, अंगाची आग होते. म्हणून बाईंनी त्या खोलीची किल्ली पुढे केली तेव्हा मी एका शब्दाने काही न विचारता ती घेतली. हत्ती माझ्याच हातचा. डाव्या कानाशी येता येता मणी संपले, आणि तसे मणी गोंडपिपरीच्या बाजारात पुन्हा आलेच नाहीत.

आता या सगळ्यात हा भद्रावतीचा चौकस प्राणी येऊन पडला होता. आणि त्या उन्हाळ्यात आमच्याकडची बहुतेक लग्नं त्याच्याकडेच! दर लग्नात तो काम करता करता माझ्यापाशी यायचा आणि प्रश्न टाकायचा. एकच.

"हत्ती भाड्यानं भेटते का जी?"

"नाई."

आठ दिवसांनी, "मग जुळे आहेत का?"

"तिकडे नवरी रडून राह्यली. जा, फोटो घ्या."

त्याच्या पुढच्या लग्नात, "तुम्ही कधी सरळ उत्तर देता का?"

"विचारणारा सरळ असला तर."

"मी सरळच आहो. पाहा ना, सरळ तुमच्याचकडे येतो."

मी फुलांच्या टोपल्या मोजायला लागले... आणि तीनदा चुकले.

एकदा त्याने मला कॅमेऱ्यात एक फोटो दाखवला. नवरी नव्हती, नवरदेव नव्हता. एका आईचा हात होता नुसता, पोरीच्या मुंडावळ्या सरळ करणारा. नखात हळद. "असे फोटो अल्बमात कोणी घेत नाई," तो म्हणाला. "मी माझ्यासाठीच काढतो." मग त्याने पुढचा दाखवला. त्यात मी होते. टेबलाची झालर लावताना, जीभ दातात धरलेली.

"बाप्पा! हा पुसा आधी."

"नाई पुसत. लय चांगला आला."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तो मला आवडायला लागला होता, आणि हे मला त्याच दिवशी, त्याच क्षणी कळलं. पुढच्या लग्नात मी मोठ्या कूलरसमोर त्याच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवली. वैशाखात आमच्या जिल्ह्यात कोणी कूलरसमोरची जागा दुसऱ्याला देत नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. तो बसला, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्या दिवशी त्याने काही विचारलंच नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. संध्याकाळी मी पंचांग काढून पुढचे मुहूर्त पाहत होते, तर गिरजाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काऊन व, तुलेच लग्न करायचं आहे का?"

मग दीपिकाचं लग्न आलं.

दीपिकाची आई रुखमाबाई शाळेत खिचडी शिजवते. बाप नाही. नवरदेवाकडचे चिमूरचे, माणसं बरी, पण त्याची आत्या अंजनाबाई साखरपुड्यातच ताटातले लाडू मोजून गेली होती. रुखमाबाईने आदल्या दिवशी माझे दोन्ही हात धरले. "पोरीले ऐकून घ्या लागू नये व माय, बाकी काई नाई." मी खोलीतलं सगळ्यात चांगलं सामान काढलं. काड्यांचं घर, वरात, आणि हत्तीही. त्याला वगळायचं माझ्या मनात आलं होतं, पण मधली जागा दुसऱ्या कशानेच भरेना.

दुपारचं लग्न लागलं. पंगती सुरू झाल्या. आदेश माझ्यासमोर येऊन उभा राहिला, चेहरा नुसता फुललेला.

"आज प्रश्न नाई. आज उत्तर आणलं."

"कशाचं?"

"हत्तीचं. पाच लग्नांतले फोटो शोधले मी, पाचही ठिकाणी हाच! तुमच्या सभागृहाचा शकुनाचा हत्ती आहे ना हा? म्हणून दर लग्नात ठेवता... मी व्हिडिओ केला. मोठ्या पडद्यावर लागन आता. तुमच्या सभागृहाचं नाव होईन." तो थांबला, खाली पाहत म्हणाला, "तुमच्यासाठी केला."

मी त्याची बाही धरली आणि त्याला मागच्या खोलीत नेलं. त्याला पहिल्यांदा हात लावला तो असा, ओढत नेताना! दार उघडलं. फळ्यांवर राजवाडे, बाहुल्या, तोरणं, आणि कोपऱ्यात नवरींच्या नावांच्या जुन्या पाट्या.

"हे शकुनाचं नाई जी," मी म्हणाले. "ज्यांच्यापाशी मांडाले काई नसते, त्यांच्यासाठी आहे. हत्ती मी केला. तो कान मणी संपले म्हणून बारका आहे. बाहेर अंजनाबाई बसली आहे, अन् तुमचा व्हिडिओ पाह्यला का दीपिकाले जन्मभर ऐका लागन. माझी बहीण ऐकून राह्यली."

त्याचा चेहरा उतरला. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "मी त्याले वेळ लावून ठेवला होता, आपोआप सुरू होईन..."

बाहेरून सनईचा आवाज आला. आम्ही दोघं धावलो.

पडद्यावर मोठी अक्षरं झळकत होती, 'एक हत्ती, पाच लग्नं'. मग एक लग्न आणि हत्ती. मग आणखी एक लग्न आणि हत्ती. आदेशने लॅपटॉप गाठून झाकण लावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सभागृहात कूलरचा तेवढा आवाज उरला.

"थांबा जी," अंजनाबाई पंगतीतून उठली. "हा तर तोच हत्ती, तिथी ठेवला तो. लोकाचं रुखवत आणून मांडलं काय?"

सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. दीपिकाने मान खाली घातली. रुखमाबाई पदराचं टोक पिळत तशीच उभी होती. गिरजाबाई खुर्चीतून उठल्या, पण त्यांच्याआधी आदेशने माईक उचलला.

"माफ करा. हत्ती माझा आहे."

"तुहा?"

"हो बाई. रुखवताचा फोटो काढताना मधात मोकळी जागा दिसली का मी माझा हत्ती ठेवतो. फोटो भरून दिसते. दर लग्नात ठेवतो, म्हणून गंमत म्हणून दाखवत होतो. आज उचलाचा राहून गेला. नवरीच्या मायले तर माहीतही नाई."

"अन् बाकीचं सामान?"

"ते त्यांचं. माझा तेवढा हत्तीच."

अंजनाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने कपाळावर हात मारला. "माय व! लोकाच्या पोरीच्या रुखवतात आपला हत्ती घुसवते हा!" आणि अशी हसली की तिच्यामागे सगळं सभागृह हसलं. "पुढच्या वेळी उंट आणजो रे!" कोणीतरी ओरडलं. आदेश लालबुंद होऊन उभा होता. आत्याने जाऊन हत्ती उचलला, उलटसुलट करून पाहिला. "काम मात्र बेस आहे. केला कोणं?"

त्याने माईक खाली केला नाही. त्या गर्दीतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "घरच्या माणसानं."

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. बरं, कूलरसमोर उभं राहूनही उतरेना.

जाताना रुखमाबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पण माईक उचलण्याची किंमतही त्याला मोजावी लागलीच. पाहुण्यांतल्या एका गृहस्थाने आपल्या मुलीच्या लग्नाचं काम तिथल्या तिथे त्याच्याकडून काढून घेतलं. दुसऱ्यांच्या मांडलेल्या सामानात हात घालणारा माणूस त्यांना नको होता. आदेशने नुसती मान हलवली.

उन्हं कलली. मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. तो ओट्यावर बसून केबल गुंडाळत होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

"फोटो?"

"पुसले. पाचही." तो पाणी प्यायला. "वर्षभरात इतकं मन लावून काई केलं नव्हतं. चुकलं माझं. विचारलं असतं तर..."

"विचारलं तर होतं. मीच सांगितलं नाई." मी त्याच्या शेजारी बसले, मध्ये एक हात जागा ठेवून. "घरच्या माणसानं म्हणाले तुम्ही."

"म्हणालो."

"कोणत्या घरच्या?"

केबल त्याच्या हातात उलटी गुंडाळली जात होती. "तिले... अजून विचारलं नाई."

"दोन महिने मले प्रश्नच विचारून राह्यले. हाच काऊन मागं ठेवला?"

"बाकीच्याचं उत्तर नाई भेटलं तरी चालत होतं," तो हळूच म्हणाला. "याचं 'नाई' आलं तर कसं करू, समजत नव्हतं."

अशा वेळी मुली लाजून आत पळतात म्हणे. मी नाही पळाले. माझ्या ताईसाठी कोणी माईक उचलला नव्हता, आणि आज एका अनोळखी पोरीसाठी या माणसाने सगळ्या सभागृहाचं हसू अंगावर घेतलं होतं. मला त्याच्याबद्दल इतकं वाटत होतं की ते आत मावेना.

"मले तुम्ही आवडता," मी म्हणाले. "आजपासून नाई. लय आधीपासून."

तो नुसता पाहत राहिला, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसाच... फक्त आता मला नजर वळवावीशी वाटली नाही.

"सोमवारी मुहूर्त नाई," मीच म्हणाले. "मायले घेऊन आमच्या घरी या. पण आधीच सांगून ठेवा, माझ्या लग्नात रुखवताचं टेबलच नसन. एक पापडही नाई. पाहायचं तर मले पाहा."

"माय येईन चहा प्यायले," त्याने केबल खाली ठेवली. "पाहाचं काम मी केव्हाच करून घेतलं."