मंद्रूपच्या माळावरचं फूल

"फ्रिजातली वाटी व्हय, अक्का? त्यातलं आत्ताच घंटागाडीत टाकलं की. मेथीचा पाला वाटला मला!"

भावजय महानंदानं हे इतकं सहज सांगितलं, की वैजयंतीअक्कांचा ब्रश अधांतरीच राहिला... अकरा वर्षं! अकरा वर्षं त्या हे बोटभर रोपटं फुललेलं पाहायला मंद्रूपच्या माळावर खेपा घालत होत्या. कुठल्याच पुस्तकात त्याची नोंद नव्हती. काल कुठे फुललेली एक डहाळी हाती लागली, अन् आज तिची रवानगी कचऱ्यात! कागदावर पानं उतरली होती. फूल राहिलं होतं.

"एवढं काय त्यात, अक्का?" धाकटा भाऊ प्रभुलिंग पेपरातून मान वर न काढता म्हणाला. "गवतच हाय की."

गवत! इथल्या माळावरच्या सहाशे वनस्पती पाकळी न् पाकळी मोजून रंगवणारी पहिली बाई ती, आणि घरात मात्र दिवसातून चारदा हाच शब्द! अक्कांचा संयम सुटला.

"पुण्याला शिकायला माझा नंबर लागला होता, प्रभू... आई गेली. तू सहा वर्षांचा, माझा पदर सोडेनास. राहिले मी! कधी बोलले नाही. पण निदान गवत तरी म्हणू नकोस रे!"

पेपर गळून पडला. अक्काला शिक्षणाची आवडच नव्हती, असं तो जन्मभर लोकांना सांगत आला होता!... त्यानं गाडीची किल्ली घेतली.

"चल अक्का. कुटं हुडकायचं तेवढं दाव."

पन्नाशी उलटलेला प्रभुलिंग दोन तास माळावर रांगत होता. "हे का?"

"नाही!"

"मग हे?"

"ते नुसतं गवत आहे, प्रभू!" अक्का खेकसल्या, आणि स्वतःच ओशाळल्या.

अखेर एका दगडाच्या आडोशाला ते निळं फूल त्यालाच दिसलं. "उपटू नकोस," म्हणत अक्का तिथंच मांडी घालून बसल्या. ऊन तापलं. तो कागदावर छत्री धरून उभा राहिला. हात भरून आला की हात बदलायचा.

इतक्यात महानंदाचा फोन आला.

"जेवायला थांबू नकोस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "अक्का कामात हाय."

अक्कांनी झटकन मान बाजूला वळवली... डोळ्यांतलं पाणी कागदावर पडून चालणार नव्हतं.