‘चंद्रावती’ची होडी

पाण्यात उतरण्याआधी जनार्दन खवणेकरांनी सुनेच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीची कळ दुसऱ्यांदा तपासली.

“बाबा, आत्ताच पाहिलीत की,” केतकी म्हणाली.

“परत बगली म्हणून झिजतली काय ती?”

केतकी साताऱ्याकडची. लग्न होऊन मालवणात आली तेव्हा तिला पोहताही येत नव्हतं. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर. सासऱ्यांनीच तिला आधी पोहायला आणि मग स्कूबा डायव्हिंग शिकवलं. आता ती पाण्याखालचं चित्रीकरण करायची, आणि सासष्ट वर्षांचे जनार्दन अजूनही तिच्याबरोबर उतरायचे.

आज तिच्या हातात नारळाएवढा नवा कॅमेरा होता. बनवणाऱ्यांनी त्याला ‘प्रतिक्रमदर्शी’ असं भारदस्त नाव दिलं होतं. जनार्दन त्याला ‘मागकाढ्या’ म्हणत. चिखलातल्या खुरांवरून गुरं कुठून आली ते जाणता माणूस सांगतो, तसा हा कॅमेरा तळाशी पडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा, कल, मोड टिपायचा आणि ती तिथवर कशी आली याचं गणित उलटं सोडवत जायचा. शेवटी बुडालेल्या जहाजाचा अखेरचा तास पडद्यावर उभा राहायचा.

‘चंद्रावती’ ही आगबोट सव्वाशे वर्षांपूर्वी खडकावर आपटून बुडाली होती. एक्केचाळीस माणसं गेली. जहाजावरची एकुलती एक होडी घेऊन एकटाच किनाऱ्याला लागला तो सुकाणूवाला सखाराम, जनार्दनांचा पणजोबा. ‘सगळे वाहून गेल्यावर होडी सोडली,’ असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. गावाने मानलं नाही. घराण्याला ‘पळपुटे’ हे नाव चिकटलं ते कायमचं. जनार्दनांच्या बहिणीचं ठरलेलं लग्न त्यावरूनच मोडलं होतं. पुढच्या महिन्यात, बुडालेल्यांच्या स्मृतिदिनी, गावासमोर ‘चंद्रावती’वरचा माहितीपट दाखवून तो डाग पुसायचा असं केतकीने मनाशी ठरवलं होतं.

अठरा मीटरवर जहाजाचा सांगाडा दिसू लागला. जनार्दनांनी नेहमीप्रमाणे त्याला हात जोडले. केतकी सावकाश फिरत चित्रीकरण करू लागली. प्रवाहाने ती ओढली गेली की जनार्दन मागून तिला अलगद धरत. डाव्या बाजूला होडी टांगायचे दोन लोखंडी बाहू होते. कालवांनी मढलेले, पण अजून बाहेरच वळलेले. कॅमेरा तिथे बराच वेळ थांबला.

दुपारी पडवीत बसून केतकीने निकाल पाहिला आणि तो पुन्हा पहिल्यापासून लावला. होडी पाण्यात उतरली तेव्हा जहाज सरळ उभं होतं. जहाज उजवीकडे कलल्यावर डावीकडची होडी खाली सोडताच आली नसती. होडी गेल्यानंतर ‘चंद्रावती’ आणखी चाळीस मिनिटं तरंगत होती. आणि होडी होती वीस माणसांची.

त्या दिवसाच्या वाऱ्याची नोंद कुठेच नव्हती. कॅमेऱ्याने तो अंदाजाने धरला होता. केतकीने अंदाज बदलून पाहिला. वारा बराच वाढवल्यावर चित्र पालटलं, त्याच्या रेट्याने जहाज उशिरापर्यंत सरळ राहिलं आणि होडी अगदी शेवटी सुटली. असं घडणं फार अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. कुणाला कळणारही नव्हतं.

जनार्दन चहा घेऊन आले. तिचा चेहरा पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

“खरा काय ता सांग, बाय.”

“बाबा, वारा जरा जास्त धरला तर...”

“वारो तू धरतलंस?”

केतकीने मूळ चित्र लावलं. जनार्दनांनी ते पूर्ण पाहिलं, मग पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

“असाच दाखव,” ते शेवटी म्हणाले.

“लोक पुन्हा तेच बोलतील तुम्हाला.”

“बोलतले. त्येंची माणसां गेली, गो.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “माझ्यासाठी केलंस, ता माका कळता.”

स्मृतिदिनाला शाळेचं सभागृह भरलं होतं. जनार्दन पहिल्या रांगेत बसले. माहितीपट संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवीही दिली नाही. मग मागून मंदा मिठबावकर उठल्या. त्यांची पणजी ‘चंद्रावती’वर होती. काठी टेकत त्या पुढे आल्या आणि जनार्दनांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. केतकी धास्तावून जवळ गेली.

म्हातारीने जनार्दनांचा हात हातात घेतला.

“जना, तेवीस वर्षांचो पोर होतो रे सखाराम. चाळीस मिनटां हाका ऐकत वल्हवल्यान असतला. मागे फिरूचा त्येच्या मनात एकदा तरी इला असतला काय?”

जनार्दनांनी सुनेकडे पाहिलं. पाण्यावरून गेलेल्या होडीचा आणि ती वल्हवणाऱ्याच्या मनाचा माग कुठल्याच कॅमेऱ्याला सापडणार नव्हता. तो तिघांनी मिळून काढायचा होता. पण कसा?